न्यूगेटच्या गजांआड: एलिझाबेथ फ्राय यांनी तुरुंग नेमका कसा बदलला

लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ साली बायकांसाठी दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या होत्या. सगळी जागा मिळून १९० चौरस यार्ड, म्हणजे १,७१० चौरस फूट. त्यात जवळजवळ ३०० बायका आणि शिवाय त्यांची पोरं. भागाकार केला तर एकीच्या वाट्याला सहा चौरस फूटही येत नाहीत. दोन फूट रुंद, तीन फूट लांब एवढ्या जागेत पाय पोटाशी घेऊन बसता येतं, आडवं होता येत नाही. स्वयंपाक तिथेच, धुणं तिथेच, झोपही तिथेच, आणि अंथरूण नाही. जिचा खटला अजून उभाच राहिलेला नाही अशी पोर आणि फाशीची शिक्षा झालेली बाई शेजारी शेजारी. राखणीला एक पुरुष आणि त्याचा मुलगा.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिशी ओलांडलेली एक श्रीमंत बाई या खोल्यांमध्ये आली. अंगात साधा झगा, डोक्याला पांढरी टोपी, हातात उघड्या बाळांसाठी फ्लॅनेलचे कपडे. एलिझाबेथ फ्राय. तिची गोष्ट सहसा अशी सांगतात की एक देवमाणूस आत गेलं, बायबल वाचलं आणि रानटी बायका शांत झाल्या. ही मांडणी त्यांच्यावर अन्याय करणारी आहे, आणि त्या कैदी बायकांवर तर जास्तच. फ्रायबाईंनी आत एक व्यवस्था उभी केली. तिला भाग होते, नियम होते, हिशेब होता. ती समजून घ्यायची तर आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: त्यांना बोलायचा अधिकार कुठून मिळाला, आणि पैसा कुठून आला.

दोन्हींचं उत्तर एकच आहे, क्वेकर पंथ.

मौनसभा आणि बँक

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती हा ख्रिस्ती पंथ जमला. त्यांचं अधिकृत नाव ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. त्यांच्या प्रार्थनेत पाद्री नसतो, वेदी नसते, गाणंही नसतं. माणसं बाकांवर गप्प बसतात. ज्याला आतून बोलायची प्रेरणा होते तो उठून बोलतो आणि पुन्हा खाली बसतो. ती प्रेरणा पुरुषाला होते तशी बाईलाही होते, असं त्यांनी पहिल्यापासून मानलं. एखाद्या व्यक्तीचं बोलणं वर्षानुवर्षं सच्चं वाटलं की सभा तिची ‘मिनिस्टर’ म्हणून नोंद करते. पगार नाही, पोशाख नाही, फक्त नोंद. एलिझाबेथ फ्राय यांची अशी नोंद १८११ साली झाली. इंग्लंडच्या इतर बहुतेक चर्चमध्ये बाईला व्यासपीठावर पाय ठेवता येत नव्हता, त्या काळात भरल्या सभेत पुरुषांसमोर उभं राहून बोलायची त्यांना सवय झालेली होती. न्यूगेटमध्ये नंतर जे घडलं त्यात या सवयीचा वाटा फार मोठा आहे.

पंथाचे इतर नियमही असेच रोखठोक. सरदाराला ‘लॉर्ड’ म्हणायचं नाही, कुणापुढे हॅट काढायची नाही. पंथ सुरू झाला त्या काळच्या इंग्रजीत एकेरी आणि आदरार्थी असा भेद अजून शिल्लक होता. हे लोक सगळ्यांना एकेरीच बोलवत. मराठीत सांगायचं तर राजालाही ‘तू’, अहोजाहो नाहीच. आणि शपथ घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हटलं की एरवी खोटं चालतं असा अर्थ होतो.

या शपथेपायीच ते व्यापारात गेले. सरकारी पदं आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या शपथेशिवाय मिळत नसत. मग उरला धंदा. घासाघीस न करता एकच भाव सांगणारा आणि दिलेला शब्द पाळणारा व्यापारी, अशी त्यांची ख्याती झाली आणि लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला लागले. नॉर्विच शहरातलं गर्नी घराणं लोकर आणि सुताच्या व्यापारातून असंच सावकारीत आणि पुढे बँकेत आलं. त्यांची बँक १८९६ साली बार्क्लेजच्या विलीनीकरणात गेली. आपल्या ओळखीचं कॅडबरी हेही क्वेकर घराण्याचंच नाव.

एलिझाबेथ या गर्नी घराण्यातली. जन्म २१ मे १७८०, घरचं नाव बेट्सी. अर्लहॅम हॉल हा प्रशस्त वाडा, पुष्कळ भावंडं, नाचगाणं, घोडेस्वारी. पंथात दोन तऱ्हा होत्या: करड्या कपड्यांतले कडक ‘साधे’ आणि हौसमौज करणारे सैल. गर्नी मंडळी दुसऱ्या गटातली. बेट्सी १२ वर्षांची असताना आई गेली. ४ फेब्रुवारी १७९८ रोजी नॉर्विचच्या सभेत विल्यम सेव्हरी हे अमेरिकन उपदेशक बोलले, तेव्हा ती लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून आली होती. त्या दिवसानंतर हळूहळू, घरच्यांच्या नापसंतीला न जुमानता, ती साध्या पोशाखाकडे आणि साध्या भाषेकडे वळली.

१८०० साली तिचं लग्न लंडनच्या जोसेफ फ्राय यांच्याशी झालं. त्यांच्या घराण्याचा चहाचा व्यापार होता आणि बँकही. पुढच्या २२ वर्षांत ११ मुलं झाली. सगळ्यात धाकटा मुलगा आणि पहिलं नातवंड १८२२ मध्ये एकाच दिवशी जन्माला आले. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण खाली जे येणार आहे ते सगळं बाळंतपणांच्या मधल्या फटींत झालेलं काम आहे. १८१३ ची ती पहिली भेटही अशीच तुटली. बाळंतपणं, नवऱ्याच्या बँकेची ओढाताण आणि १८१५ साली चार-पाच वर्षांच्या लेकीचा मृत्यू. न्यूगेटचं खरं काम सुरू व्हायला १८१६ चा शेवट उजाडला.

व्यवस्था कशी बांधली

आधी बिघाड काय होता ते पाहू. तुरुंगातून मिळणारी भाकरी अपुरी होती आणि कपडा मिळतच नव्हता. ज्या बाईचे नातेवाईक काही आणून देत तिचं भागायचं. बाकीच्या गजांपाशी गर्दी करून, लांब काठीला लाकडी चमचा बांधून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे भीक मागायच्या. मिळालेल्या पैशांची बिअर तुरुंगातच विकत मिळायची. करायला काम काही नाही, पोट अर्धं, वर दारू, आणि गजांजवळच्या जागेवरून मारामाऱ्या. पहारेकरी सांगत की या बायका हिंस्र आहेत, आत जाऊ नका. मुळात ती भूक, रिकामपण आणि दारू यांची साखळी होती.

फ्रायबाईंनी साखळीचं सगळ्यात हलकं टोक धरलं: मुलं. त्यांनी स्वतःला बायकांबरोबर आत कोंडून घ्यायला लावलं आणि आयांशी आई म्हणून बोलल्या. ही पोरं इथेच, यातच वाढणार. यांच्यासाठी शाळा काढायची का? सगळ्या हो म्हणाल्या. पण शिक्षिका बाहेरून आणायची नाही, तुम्हीच तुमच्यातून निवडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी मेरी कॉनर या कैदी तरुणीला निवडलं. घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून ती आत आली होती. अधिकाऱ्यांनी एक रिकामी कोठडी दिली. शाळा पोरांची आणि कमी वयाच्या कैद्यांची. पण दारापाशी मोठ्या बायकांचीच झुंबड उडाली. आम्हालाही शिकवा, काहीतरी काम द्या.

दुसरी पायरी समिती. एप्रिल १८१७ मध्ये अकरा क्वेकर बायका आणि एका पाद्र्याची पत्नी अशा बारा जणींनी न्यूगेटमधल्या स्त्री-कैद्यांच्या सुधारणेसाठी मंडळ स्थापन केलं. पाळीपाळीने रोज कुणीतरी हजर राहायचंच. शिवाय पूर्णवेळ राहणारी एक मेट्रन, म्हणजे देखरेख करणारी बाई, नेमली, सुरुवातीला मंडळाच्या खर्चाने. पुढे शहराच्या कॉर्पोरेशनने वाटा उचलला. श्रीमंत माहेरचा उपयोग इथे झाला. कापड, सूत, पगार यांसाठी भाऊ आणि चुलतभावांकडून पैसा लगेच आला. सरकारी मंजुरीची वाट बघत बसावं लागलं नाही.

तिसरी पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. नियम तयार होते, पण ते भिंतीवर चिकटवून टाकले नाहीत. सगळ्या बायकांना एकत्र बसवून एकेक नियम मोठ्याने वाचला, आणि प्रत्येकाला हात वर करून संमती मागितली. भीक मागायची नाही, शिवीगाळ, जुगार, पत्ते, भांडण नाही. सगळ्यांनी शिवणकाम, विणकाम असं काही ना काही करायचं. दर बारा जणींचा एक गट आणि त्यांनीच निवडलेली एक प्रमुख. सकाळी नऊला घंटा झाली की कामाच्या खोलीत जमायचं, बायबलमधला उतारा ऐकायचा, मग काम. संध्याकाळी सहाला पुन्हा तसंच. कुणी किती काम केलं, कशी वागली, याची नोंद मेट्रनने वहीत ठेवायची. ज्या बायकांना आयुष्यात कुणी मत विचारलं नव्हतं त्यांना तुरुंगात विचारलं गेलं. आपणच हात वर करून मान्य केलेला नियम मोडताना शेजारणीचीही लाज वाटते, आणि पहारेकऱ्याच्या काठीने जे होत नाही ते या लाजेने होतं.

चौथी अडचण बाजाराची. शिवलेलं विकायचं कुठे? ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेला कैद्यांचे कपडे पुरवण्याचा मक्ता ज्या व्यापाऱ्यांकडे होता त्यांनाच जाऊन विचारलं, आणि त्यांनी ते काम खुशीने सोडून दिलं. तुरुंगातल्या जुन्या धुणीघराला चुना लावून कामाची खोली केली. अधिकारी म्हणत होते, कापड हातात पडलं की चोरतील. फेब्रुवारी १८१८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना फ्रायबाईंनी आकडा सांगितला: जवळपास २०,००० कपडे शिवून झाले, त्यांतले तीन हरवले, आणि तेही बायकांमुळे हरवले असं वाटत नाही. दर महिन्याला मोजे साठ ते शंभर जोड. एकीची कमाई आठवड्याला सुमारे १८ पेन्स. त्यातून सगळ्या मिळून स्वतःच्या कपड्यांसाठी महिन्याला सुमारे ४ पौंड जमा करत आणि मंडळ त्यात ८ पौंड घालत असे. पार्लमेंटच्या समितीपुढे एखाद्या बाईने अशी तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं तोवर ऐकिवात नव्हतं.

कुठे अडलं

त्याच वर्षी त्यांना पहिला मोठा धक्का बसला. १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं आणि एक-दोन पौंडांच्या साध्या छपाईच्या नोटा बाजारात आणल्या होत्या. त्यांची नक्कल सोपी होती, आणि नकली नोट खपवण्याला शिक्षा फाशीची. हॅरिएट स्केल्टन ही बाई याच गुन्ह्यात सापडली. फ्रायबाईंनी तिच्यासाठी गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे धाव घेतली. त्यांना हे ढवळाढवळीसारखं वाटलं. शिक्षेचा धाकच तुम्ही काढून टाकता आहात, असा त्यांचा आक्षेप होता. एप्रिल १८१८ मध्ये स्केल्टनला फाशी झाली आणि सरकारदरबारी फ्रायबाईंचं वजन काही काळ घटलं. पुढे २००२ ते २०१७ या काळात त्याच बँकेच्या पाच पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं, न्यूगेटमध्ये कैद्यांपुढे वाचताना. फाशीच्या शिक्षेला त्यांचा विरोध शेवटपर्यंत राहिला.

१८२३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी तुरुंग कायदा केला. स्त्री-कैद्यांवर स्त्री-पहारेकरीच, पुरुषांपासून वेगळी जागा, पाद्र्याच्या नियमित भेटी. न्यूगेटच्या अनुभवातलं पुष्कळ काही त्यात उतरलं. पण कायद्यात दोन मोठी भोकं होती. तो जिल्ह्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या सुमारे १३० तुरुंगांनाच लागू होता. लहान गावांचे आणि कर्जबुडव्यांचे तुरुंग बाहेरच राहिले. आणि तपासणीला कुणी निरीक्षक नव्हता, त्यामुळे नियम न पाळणाऱ्याचं काही बिघडत नसे. सरकारी निरीक्षक नेमले गेले १८३५ च्या कायद्याने.

गंमत अशी, की त्याच निरीक्षकांनी मग न्यूगेटमधल्या बायकांच्या मंडळावरही बोट ठेवलं. फ्रायबाईंचं बायबल-वाचन ऐकायला सरदार, राजदूत, परदेशी पाहुणे यायला लागले होते आणि कैदी बायका बघण्याची वस्तू होऊन बसल्या होत्या. ही टीका रास्त होती. पाहुण्यांमुळे वर्गणी आणि वजन दोन्ही मिळत होतं, म्हणून ते थांबवणं जड गेलं असावं. पण दुसऱ्या एका वादात फ्रायबाई निरीक्षकांपेक्षा पुढचं पाहत होत्या. निरीक्षकांना हवी होती प्रत्येक कैद्याला दिवसरात्र वेगळी कोठडी, कुणाशी बोलणं नाही. रात्री वेगळं झोपवणं फ्रायबाईंना मान्य होतं. दिवसाही एकटं ठेवलं तर माणूस मनाने खचतो आणि बाहेरच्या जगात परतायला नालायक ठरतो, असं त्या सांगत राहिल्या. त्यांची सगळी पद्धतच बारा जणींच्या गटावर उभी होती, हे इथे आठवावं.

आणि पैसा? तो १८२८ च्या नोव्हेंबरात गेला. जोसेफ फ्राय यांची बँक बुडाली. क्वेकरांमध्ये दिवाळखोरी ही नैतिक चूक मानली जाई, कारण माणसाने दुसऱ्याचा पैसा जोखमीत घातलेला असतो. त्यामुळे जोसेफ यांचं नाव समाजातून काढलं गेलं. बुडालेल्या बँकेच्या पैशातूनच बाईंचा दानधर्म चालला होता, अशी कुजबुजही झाली. प्लॅशेटचं मोठं घर सोडून त्या अपटनच्या लहान घरात गेल्या आणि पुढचा संसार व काम मुख्यतः जोसेफ जॉन आणि सॅम्युअल या भावांच्या मदतीवर चाललं. त्यांची स्वतःची उपदेशिका म्हणून नोंद मात्र कायम राहिली. म्हणजे पैसा गेला तरी बोलायचा अधिकार उरला. त्यानंतरच्या काळात त्यांनी युरोपभर तुरुंग पाहिले, किनाऱ्यावरच्या तटरक्षक चौक्यांना पुस्तकपेट्या पोचवल्या, १८४० मध्ये घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची संस्था काढली. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा त्यांच्याबरोबर न्यूगेट पाहून त्यांच्या घरी जेवायला आला. १२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेटला त्यांचं निधन झालं.

जहाजांवरची पिशवी

जहाजांचं काम शेवटी घेतलं आहे, कारण पद्धत म्हणून ते न्यूगेटपेक्षाही नीट बसलेलं होतं.

काळ्या पाण्यासारखीच ही शिक्षा: ऑस्ट्रेलियाला हद्दपारी. निघण्याच्या आदल्या रात्री न्यूगेटमध्ये बायका दंगा करायच्या, काचा-सामान फोडायच्या. कारण दुसऱ्या दिवशी त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून नदीपर्यंत नेलं जाई आणि रस्त्यात लोक चिखल आणि शिव्या फेकत. १८१८ मध्ये ‘मारिया’ जहाजाच्या वेळी फ्रायबाईंनी तुरुंगाधिकाऱ्याला गळ घातली की बंद घोडागाड्या द्या, मी स्वतः मागून येते. दंगा झाला नाही. ‘मारिया’वर १२८ कैदी बायका होत्या. माणसं गोळा होईपर्यंत जहाज टेम्स नदीत काही आठवडे उभं असे. तेवढ्या वेळात बारा-बारांचे गट, गटप्रमुख आणि मुलांची शाळा बसवून टाकायची, ही रीत ठरली.

मग प्रश्न आला कामाचा. चार महिने समुद्रावर, जागा चिंचोळी, सामान ठेवायला कोपराही नाही. उत्तर सापडलं गोधडीत. तुकडे जोडायचं काम मांडीवर होतं, जागा लागत नाही, आणि चिंध्या कापडवाल्यांकडून फुकट मिळतात. पुढे प्रत्येकीला एक पिशवी मिळू लागली: बायबल, दोन एप्रन, टोपी, १०० सुया, टाचण्या, पांढऱ्या दोऱ्याचे चार गुंडे आणि काळा, निळा, लाल असा एकेक, रंगीत दोऱ्याच्या २४ लडी, रफूच्या आठ सुया, बोटाला सुई लागू नये म्हणून अंगुस्तान, कात्री, लागेल तिला चष्मा, कंगवा, काटा-सुरी आणि दोन पौंड वजनाचे कापडाचे तुकडे. चष्मा आठवणीने घालणाऱ्या माणसाने सुईत दोरा ओवून पाहिलेला असतो. वाटेत एका जहाजावरच्या बायकांनी रिओ दि जानेरोला आपल्या गोधड्या एकेक गिनीला विकल्या, म्हणजे उतरताना त्यांच्या हाती स्वतःचे चार पैसे होते.

ते पैसे फार महत्त्वाचे होते. सिडनीजवळच्या पॅरामाटाचे पाद्री सॅम्युअल मार्सडन यांनी फ्रायबाईंना लिहून कळवलं होतं की इथे उतरलेल्या बायकांना राहायला जागाच नाही. रात्रीच्या निवाऱ्यासाठी त्यांना अंग विकावं लागतं. म्हणजे लंडनला बांधलेली घडी सिडनीला पोचून विस्कटत होती. हा मुद्दा फ्रायबाईंनी लंडनमध्ये लावून धरला. पॅरामाटाला बायकांसाठी सुमारे ३०० जणींची नवी इमारत १८२१ मध्ये उघडली. १८४३ पर्यंत मंडळाने १०६ जहाजं आणि १२,००० बायका एवढं काम केलं होतं.

यातलं एक जहाज ‘राजा’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक जास्तीचं अक्षर आहे, पण शब्द आपलाच. ५ एप्रिल १८४१ ला ते वुलिचहून १८० कैदी बायका घेऊन सुटलं आणि १९ जुलैला टास्मानियातल्या होबार्टला लागलं. वाटेत बायकांनी मंडळाच्या सामानातून २,८१५ तुकड्यांची, सव्वातीन मीटरहून थोडी जास्त लांब-रुंद अशी चादर शिवली आणि तिच्या कडेवर मंडळाच्या बायकांचे आभार मानणारा मजकूर भरला. टाके सारखे नाहीत. काही अगदी बारीक, काही नुकतीच सुई धरलेल्या हाताचे. दोन-चार ठिकाणी रक्ताचे डाग आहेत, बोटात सुई घुसल्याचे. ती चादर कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवली आहे. कापड इतकं नाजूक झालं आहे की ती अधूनमधून, थोड्याच दिवसांसाठी बाहेर काढतात.